पोटाला बांधलेला नकाशा

कारवापाम्पाच्या अकरा घरांत मेल्चोराइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तिचं माहेर सरोवराकाठचं. ती नऊ वर्षांची असताना बाप लव्हाळ्याची होडी घेऊन मासे धरायला गेला आणि नुसती होडीच परत आली. तेव्हापासून तिला पाण्याची धास्ती. पुढे त्यात घोड्यांची भर पडली, मग कुत्र्यांची, मग बूट घातलेल्या माणसांची. लग्न होऊन ती पठारावर आली तेव्हा नवरा निकानोर हसून म्हणाला होता, "इथे पाणी नाही, घोडे आमच्याकडे नाहीत, आणि बूट तर कुणाच्याच पायात नाहीत. सुखाने राहा."

सात वर्षं ती बऱ्यापैकी सुखाने राहिली. दोन मुलं झाली आणि गेली, ते दुःख सोडलं तर. मेंढरं राखायची, बटाटे लावायचे, नदीपलीकडच्या कुरणात लांब मानेच्या, लोकरीच्या लामांना चारायला न्यायचं, असे तिचे दिवस जात होते. नदी म्हणजे घोट्याएवढं पाणी. तेवढं तिला चालायचं.

अकराही घरं लिमाचींचीच, एकाच घराण्याची. जमीनही सगळ्यांची मिळून एक. तिचा पुरावा म्हणजे एक नकाशा होता. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, स्पेनच्या राजाच्या अमलात, राजाचा मोजणीदार दोरी घेऊन आला होता आणि क्लेमेंते लिमाची नावाच्या पूर्वजाला जमीन मोजून हा नकाशा देऊन गेला होता. मागे तागाचं कापड चिकटवलेला, परातीएवढा कागद. त्यावर तपकिरी शाईने डोंगर काढलेला, निळसर रंगाची वाकडीतिकडी नदी, हद्दीच्या दगडांचे सात ढीग आणि प्रत्येकापाशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. कोपऱ्यात सूर्य होता, त्याला नाकडोळे होते. मोजणीदाराला तिथे बरेच दिवस राहावं लागलं असावं, कारण कुरणात त्याने पाच लामाही काढल्या होत्या, आणि त्यातली एक मागे वळून पाहत होती. वर्षातून एकदा घराण्यातला वडीलधारा ताता बासिलियो तो कातड्याच्या गुंडाळीतून काढून उन्हात पसरायचा, त्याच्यासमोर कोकाची पानं ठेवायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. मेल्चोराने तो दोनदा लांबून पाहिला होता. तिला ती मागे वळलेली लामा आवडायची.

ज्या वर्षी तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, त्या वर्षी शेजारचा मालक जमिनी गिळत सुटला. त्याची जहागीर डोंगराच्या पलीकडे होती. ती आता अलीकडे सरकू लागली. त्याचा मुकादम ओरोस्को दिवसाढवळ्या माणसं घेऊन यायचा, हद्दीचे ढीग उचलायचा आणि दगड खेचरांवर लादून न्यायचा. तेवढ्यात शहरातून हुकूम आला, की सरकार नवी मोजणी करणार. ज्यांच्याकडे राजाच्या काळचे कागद असतील त्यांनी ते ला पाझला आणून दाखवावे आणि नक्कल करून शिक्का मारून घ्यावा. ज्यांच्याकडे नसतील त्यांची जमीन कुणाची, ते मोजणीदार ठरवील.

पलीकडच्या वस्तीतला एक जण आपला कागद झोळीत घालून निघाला होता. ओरोस्कोने त्याला वाटेत गाठलं, त्याच्यादेखत कागद जाळला आणि वर त्यालाच मेंढ्या चोरल्याच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. आठवड्याभराने तोच आरोप निकानोरवर आला. कोणत्या मेंढ्या, कुणाच्या, काही नाही. दोन शिपाई आले आणि त्याला दोरी बांधून घेऊन गेले. मेल्चोरा आठ महिन्यांची पोटुशी, दारात उभी होती.

मूल झालं. मुलगी. जगेल असं दिसत होतं. सतराव्या दिवशी ताता बासिलियो आणि त्याची बहीण दामियाना आत्या तिच्या घरी आले. आत्या म्हणजे साठीची, वाळक्या अंगाची, आणि जिभेला अजिबात लगाम नसलेली. म्हाताऱ्याच्या काखेत ती कातड्याची गुंडाळी होती.

"पोरी," बासिलियो म्हणाला, "हा तुला न्यायचाय."

"कुठे?"

"ला पाझला. दुसरं कुठे?"

मेल्चोराला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "ताता, मी? मला कोंबडीसुद्धा भिववते!"

"ते ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "म्हणूनच कुणाच्या मनात येणार नाही. पुरुष हद्दीबाहेर पडला की त्याची झडती होते. म्हाताऱ्याची होते, माझीही होईल. पण तू ओली बाळंतीण. तुझ्या पोटाला पट्टा आहे. बाळंतिणीचा पट्टा कोण सोडेल?"

"आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं तर?"

"पोरीला नाव द्यायला. आपल्याकडे पाद्री फिरकला नाही त्याला वर्ष झालंय. बिननावाचं पोर घरात असलं की गारपीट होते, हे त्या मुकादमालाही कळतं."

मेल्चोराने साफ नाही म्हटलं. रडली. हात जोडले. "आजचा दिवस इथे राहू दे. माझ्या घरावर पाळत आहे," एवढं म्हणून म्हाताऱ्याने गुंडाळी तिच्या अंथरुणाखाली सरकवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्रे भुंकले. ओरोस्को आला होता, दोन माणसं घेऊन. एकामागून एक घरं उलथीपालथी करत ते मेल्चोराच्या दारात आले. ती अंथरुणावर बसली होती, मुलगी शालीखाली. त्या माणसांनी किन्वाच्या दाण्यांच्या टोपल्या पालथ्या केल्या, बटाट्यांच्या ढिगात काठ्या खुपसल्या, छपराचं गवत उसकटलं. मांडीखाली कातडं तिला टोचत होतं. ओरोस्को दारातच उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याच्या बुटांवर चिखल होता, आणि ती त्या चिखलावरून नजर काढू शकत नव्हती.

"हिला काय झालंय? अशी काय थरथरतेय?" त्याने विचारलं.

"ती कायमच तशी असते, मुकादम," बाहेरून आत्या ओरडली. "सावली पडली तरी थरथरते. विचारा कुणालाही."

ते गेले. मेल्चोरा तशीच बसून राहिली. तास झाला, दोन तास झाले. आणि मग तिला कळलं, की हे रोज होणार. उद्या ते पुन्हा येतील, परवा येतील, आणि ती अशीच नकाशावर बसून राहील. त्यापेक्षा वाट बरी. वाटेला निदान शेवट असतो. ती उठली आणि आत्याच्या घरी जाऊन म्हणाली, "बांध. कधी एकदा तो माझ्या घरातून जाईल असं झालंय." पुढे लोक म्हणायचे की त्या दिवशी तिला धीर आला. तसं काही नव्हतं. घरातली भीती तिला सोसवेना, म्हणून तिने वाटेवरची घेतली, एवढंच.

पहाट होताच आत्याने तिला बांधलं. नकाशाच्या चार घड्या केल्या, कापडाची बाजू आत, आणि तो पोटावर सपाट बसवून वर विणलेला रुंद पट्टा सात वेढे गुंडाळला. मेल्चोराने श्वास घेतला तसा कागद कुरकुरला.

"आत्या, आवाज येतोय!"

"तुलाच येतोय. मला नाही."

"श्वास घेतला की येतोय."

"मग कमी घे."

दोघी निघाल्या. मुलगी मेल्चोराच्या पाठीवर रंगीत धडप्यात बांधलेली; आत्याच्या पाठीवर सुकवलेले बटाटे, थोडं चीज, लामाचं सुकं मांस. मे महिन्याचं, तिथल्या हिवाळ्याच्या तोंडचं कोरडं, बोचरं ऊन होतं. तीन दिवसांची वाट. पहिला दिवस चांगला गेला असं आत्या म्हणायची. मेल्चोराला त्यातला फक्त कागदाचा कुरकुर आवाज आठवायचा. घाम येऊ नये म्हणून ती हळू चालत होती आणि हळू चालल्यामुळे कुणाला संशय येईल म्हणून पुन्हा भरभर चालत होती. समोरून कुणी मेंढपाळ आला तरी ती आत्याच्या आड सरकायची. एकदा मुलीला पाजताना तिच्या मनात आलं, इथेच एखाद्या बिळात हा कागद कोंबावा, आणि घरी जाऊन सांगावं की हिसकावून घेतला. आत्या तिच्याकडेच बघत होती. "मलाही वाटतंय तसं," आत्या म्हणाली, पण ती थट्टा करत होती की खरं सांगत होती हे मेल्चोराला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडी पूल आला, आणि पुलावर ओरोस्को होता.

घोड्यावर बसलेला, सोबत दोन स्वार. मेल्चोराचे पाय जागच्या जागी खिळले. आत्याने तिचा दंड धरला आणि पुढे ओढली. "चाल. थांबलीस तर मेलीस."

"कुठे निघालात?" ओरोस्कोने विचारलं.

"पोरीला नाव ठेवायला, ला पाझला, मुकादम. गारा पडल्या तर तुमच्याही शेतात पडतील."

"नाव ठेवायला ला पाझ? एवढी मोठी झाली लिमाचींची पोर?"

"पाद्री पाठवून द्या, इथंच पुलावर ठेवते. तुम्हीच धर्मबाप व्हा."

एक स्वार हसला. ओरोस्को नाही हसला. तो खाली उतरला आणि आत्याचं गाठोडं सोडायला लावलं. बटाटे रस्त्यावर पसरले. मग मुलगी सोडायला लावली. उघड्या वाऱ्यात, लंगोटीपर्यंत. मुलगी किंचाळू लागली, तिचे ओठ निळे पडले. मेल्चोराने तिला उचलून छातीशी धरलं तसा ओरोस्को जवळ आला. त्याच्या हातात चाबूक होता. चाबकाच्या दांड्याने त्याने तिच्या पोटावर हलकेच टोचलं.

कागद कुरकुरला. मेल्चोराने ते स्पष्ट ऐकलं.

"पट्टा सोड."

"मुकादम, शरम आहे की नाही?" आत्या ओरडली. "वीस दिवसांची बाळंतीण! पट्टा सुटला तर वारं शिरेल पोटात, इथंच मरेल. तुमच्या आईचा कुणी सोडला होता का भर रस्त्यात?"

"म्हातारे, तू गप्प. ए बाई, सोड."

मेल्चोराने हात पट्ट्याकडे नेला. ती सोडणार होती. पुढे आयुष्यभर तिने हे कबूल केलं. कुणाला वाचवावं, काही लपवावं, असं तिच्या मनात काहीएक नव्हतं. त्याने सांगितलं म्हणून हात गाठीवर गेला. पण बोटं इतकी कापत होती की गाठ सापडेना. आणि तेवढ्यात भीतीने तिचं अंग सैल पडलं. आधी लघवी झाली, आणि तिच्यामागून रक्त. बाळंतपणाचं रक्त अजून पुरतं थांबलं नव्हतंच. ते आता भळभळून आलं, घागऱ्यातून झिरपत पायांवरून पुलाच्या दगडांवर उतरलं. मेल्चोरा त्यातच खाली बसली.

स्वारांपैकी एकाने तोंड फिरवून छातीवर क्रूस काढला. "जाऊ द्या त्यांना, मुकादम. बाई इथं मेली तर पाप आपल्या माथी लागेल." ओरोस्को दोन पावलं मागे सरला. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं, थुंकला, आणि घोड्यावर चढला. "घेऊन जा हिला," एवढंच बोलला.

आत्याने एका हाताने मूल छातीशी धरून आणि दुसऱ्या हाताने मेल्चोराला ओढत पूल ओलांडला. टेकाड आडवं आल्यावर तिने मेल्चोराला बसवलं, कोमट पाणी पाजलं, दोन्ही हातांनी तिचं तोंड पुसलं.

"आत्या, ओलं लागतंय," मेल्चोरा म्हणाली. "पट्ट्याच्या आत."

"सोडायचं नाही. शहर येईपर्यंत सोडायचं नाही."

पुढचा दीड दिवस मेल्चोरा त्या ओलसर कागदाला पोटाशी घेऊन चालली. आता तो कुरकुरत नव्हता. तेच जास्त भयंकर होतं.

ला पाझमध्ये कचेरीचा म्हातारा नकलनवीस चष्मा लावून बसला होता. त्याने आधी त्यांना मागच्या खोलीत आपल्या बायकोकडे पाठवलं. त्या बाईने एकही प्रश्न न विचारता गरम पाणी आणलं, पट्टा सोडला, आणि पोटाच्या कातडीला चिकटलेला कागद बोटाच्या टोकाने सावकाश सोडवून घेतला. मेल्चोराने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा नकाशा टेबलावर होता. डोंगर होता. सूर्य होता. ढिगांपैकी चार नीट दिसत होते. खालचा कोपरा, नदीच्या पलीकडचा, सगळा तपकिरी लाल झाला होता. कुरण नव्हतं, तीन ढीग नव्हते, लामा नव्हत्या.

"इथं काय होतं?" नकलनवीसाने विचारलं.

मेल्चोराने सांगितलं. नदी दोन वळणं घेते, दुसऱ्या वळणापलीकडे पहिला ढीग, मग कुरण, मग दुसरा आणि तिसरा. तो ऐकत राहिला. मग चष्मा काढून म्हणाला, "बाई, मला दिसतं तेच मी काढू शकतो. ऐकलेलं काढलं तर उद्या सगळीच नक्कल खोटी ठरवतील. हा कोपरा मी कोरा सोडतो."

दोन दिवस बसून त्याने नक्कल केली. शिक्का मारला. दरम्यान त्यांनी मुलीला खरोखरच देवळात नेऊन नाव ठेवलं, पेत्रोनिला.

घरी आल्यावर ताता बासिलियोने नकाशा उघडला, त्या डागावरून बोट फिरवलं आणि तो गुंडाळून ठेवला. चार दिवस तो मेल्चोराशी बोलला नाही. दीर मातेओ मात्र बोलला, सगळ्यांसमोर: "घराण्याचं कुरण वहिनीने धुऊन टाकलं." त्यावर आत्याने त्याला असं काही सुनावलं की तो आठवडाभर तिच्या अंगणाकडे फिरकला नाही. पण शब्द गेला तो गेलाच. मेल्चोराच्या कानात तो राहिला.

जुलैत मोजणी आली. तिपाई घेतलेला एक तरुण मोजणीदार, दोन साखळीवाले, दोन शिपाई; आणि घोड्यावर ओरोस्को. नक्कल हातात धरून मोजणीदार डोंगरापासून निघाला. एक ढीग, दोन ढीग, तीन, चार. चारही जागी तळाचे दगड सापडले. ओरोस्को काही बोलला तर मोजणीदार कागद दाखवायचा. लिमाचींच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला. मग सगळे नदीपाशी आले.

"इथं कागद कोरा आहे," मोजणीदार म्हणाला. "पलीकडे कुणाचं?"

"मालकांचं," ओरोस्को म्हणाला.

"आमचं," ताता बासिलियो म्हणाला. "आजा-पणजापासून."

"ढीग कुठे होते ते कुणी दाखवेल का? एक जागा दाखवा, तळाचा दगड सापडला तर मी लिहून घेतो."

म्हाताऱ्याला दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कुरणात लामांना न्यायचं काम बायकांचं. मेल्चोरा मुलीला घेऊन मागे उभी होती. दुसऱ्या ढिगाच्या तळाशी, अर्धा बाहेर आलेला, एक रुंद, हिरवट दगड जमिनीत रुतलेला आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वरचे दगड ओरोस्कोने नेले, तो मात्र त्याच्या माणसांना उपटला नव्हता. सात वर्षं ती त्याच्यावर बसून सूत कातत आली होती. बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

ओरोस्कोने घोडा वळवला आणि बायकांकडे पाहिलं. घाईने नव्हे, एकेकीच्या तोंडाकडे. त्याची नजर मेल्चोरावर आली. पोटावर पुलावरचा तोच ओलावा पसरल्यासारखा झाला. तिने मान खाली घातली.

मोजणीदार थांबला होता. चांगला थांबला होता, तेवढा कुणी थांबत नाही. मग त्याने वही मिटली आणि नदी हीच हद्द लिहिली.

पलीकडच्या वस्तीचं सगळंच गेलं, त्या मानाने लिमाचींचं पुष्कळ वाचलं. बटाट्यांची जमीन राहिली, घरं राहिली, डोंगर राहिला. ऑगस्टमध्ये निकानोरही सुटून आला, दोन दात गमावून. लोक मेल्चोराला मान देऊ लागले, तशी ती अधिकच गप्प झाली. डागाबद्दल सगळे बोलायचे, कुणी चांगलं, कुणी वाईट. नदीकाठी त्या दुपारी ती माहीत असून गप्प राहिली, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्षीच्या शेवटच्या हिवात मेल्चोरा आणि आत्या गोठलेले बटाटे पायांनी तुडवत होत्या, साली निघाव्यात म्हणून. मेल्चोरा अचानक थांबली आणि सगळं आत्याला सांगून बसली. हिरवा दगड, तिला ठाऊक असणं, न बोलणं. सांगताना रडलीही.

आत्या तुडवायची थांबली नाही. "तो हिरवा दगड? कुरणाच्या पलीकडच्या टोकाचा?"

मेल्चोराचं रडणं थांबलं. "तुला ठाऊक होता?"

"मी पाच वर्षांची होते तेव्हापासून. तू यायच्या आधी त्याच्यावर माझंच बूड असायचं."

"मग तू का नाही बोललीस? तुझी तर जीभ..."

"घोड्याकडे बघत होते," आत्या म्हणाली. "माझ्या पाठीमागे क्लाउदिया होती, तिलाही ठाऊक. बसेंताला ठाऊक. सगळ्या त्या घोड्याकडेच बघत होतो. आपण एकट्याच भित्र्या आहोत असं तुला वाटतं ना, हा तुझा जुना माज आहे, पोरी. तुडव आता, ऊन चढतंय."

मेल्चोराने डोळे पुसले आणि पुन्हा बटाट्यांवर पाय ठेवला.

ती एकाहत्तर वर्षांची होऊन गेली. त्याआधी सरकारने जहागिरी मोडल्या आणि कुरण परत मिळालं. तेव्हा कुणी नकाशा मागितला नाही, ढिगाची जागा कुठे एवढंच विचारलं आणि पेत्रोनिलाने पुढे होऊन बोट दाखवलं. तिला ती जागा आईने दाखवून ठेवली होती. त्या दिवशी मेल्चोरा घरीच होती. खूप माणसं जमणार होती, शिपाईही येणार होते, म्हणून ती गेली नाही. नंतर दोन दिवसांनी, कुरणात कुणी नाही असं पाहून, एकटीच जाऊन आली.